निळा कोट

कैनाडचे रतनकाका आयुष्यभर बनियन-लुंगीवर चिकूच्या वाडीत हिंडले. बाराव्याला मात्र ते निळा कोट घालून, फ्रेममध्ये, खुर्चीवर बसले होते.

जतीनने कोट लगेच ओळखला. तिसरं बटण काळं, बाकीची सोनेरी. कोट त्याच्या धाकट्या भावाचा, प्रविणचा. आतही प्रविणच होता, मानेपर्यंत. मामेभावाच्या लग्नातल्या त्या फोटोतलं डोकं जतीनने स्वतःच कापलं होतं, आणि डहाणूच्या आपल्या स्टुडिओत तो कोट येईल त्या मयताला चढवला होता. प्रविणला गंमत वाटायची. "अर्धा तालुका मला हार घालतो," म्हणायचा. गेल्या वर्षी हायवेवर तो स्वतःच गेला.

"हा फोटो माझ्याकडचा नाही," जतीन पंगतीत कुजबुजला. "तलासरीच्या कुणा स्टुडिओवाल्याने ढापलाय. कॉपीराइटची नोंदणी करून टाकू का?"

शेजारी जेवणारी मावसबहीण निधी वकील होती. "करू की. फोटोतल्या माणसाचं ना-हरकत पत्र लागेल, दादा."

"कुठल्या माणसाचं? डोकं रतनकाकांचं, धड प्रविणचं."

"दोघंही गेलेत." निधीने भातावर वरण घेतलं. "म्हणजे हरकतीचा प्रश्नच मिटला. मूळ फोटो दे फक्त. डोक्यासकट."

कापलेला फोटो जतीनने मूळ फोटोवरच सेव्ह केला होता; डोक्यासकटचा उरलाच नव्हता. प्रविण गेला तेव्हा आधार कार्डावरचं त्याचं डोकं त्याच कोटावर बसवावं लागलं. सख्खं धड, तरी उसनं दिसत होतं. आईने ती फ्रेम कपाटात उलटी ठेवून दिली होती.

आई, रंभा, पलीकडेच बसली होती. तिचा हात ताटात थांबला.

"नोंद झाली की काय होतं गं?"

"हे फोटो परत घ्यायला लावू, मावशी."

"सगळ्या घरांतून?"

"एकही ठेवणार नाही."

रंभा अर्ध्या ताटावरून उठली. हात धुऊन, फुलं वाहायला आलेल्यांच्या रांगेत उभी राहिली. झेंडूचा हार नेमका काळ्या बटणावर आला होता. सोनेरी सापडेना म्हणून ते बटण तिनेच लग्नाच्या सकाळी घाईघाईत लावलं होतं, प्रविण कोट अंगात घालून उभा असताना.

तिने हार दोन्ही हातांनी वर ओढला. गळ्यावर, हनुवटीवर, मग थेट कपाळापर्यंत.

"काकू," रतनकाकांची सून सुषमा हळूच म्हणाली, "बाबांचा चेहरा झाकला."

"जरा वेळ राहू दे, बाळा."

सुषमाने हाराकडे नेलेला हात मागे घेतला. मागची माणसं कोटाला हात जोडून पुढे सरकू लागली.