एडिथची झाडाझडती

मिसेस पार्जेटरनी जेवणाच्या टेबलावरची छोटी घंटा वाजवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे अशा ऐटीत पाहिलं, की जणू तिथून खरंच कुणी येणार होतं.

कुणी आलं नाही. मोलकरीण एडिथ गेल्या वर्षीच नोकरी सोडून रेडिओच्या कारखान्यात लागली होती. घरात तेव्हापासून दुसरी कुणी टिकली नव्हती. मँचेस्टरहून आज पहिल्यांदाच होणारी सून हिल्डा हिला दाखवायला आलेल्या मुलाला, लायोनेलला, यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि आजच्या दिवस तरी ते कळायला नको होतं.

"बहिरी झालीय मेली," म्हणत बाई उठल्या. धुण्याच्या सोड्यानं फुटलेले हात त्यांनी पाठीमागे धरले होते.

आत जाऊन त्यांनी दार लोटलं, रेशमी झग्यावर ॲप्रन चढवला आणि पुडिंग साच्यातून काढता काढता आवाज चढवला.

"एडिथ! कान आहेत की भोकं? आणि हे काय पुडिंग केलंयस? तुझ्यासारखीला कोण दारात उभं करेल? रडतेस काय? रडायचा पगार देते का मी तुला?"

शब्द शोधावे लागले नाहीत. शेवटचं वाक्य तर एडिथ गेली त्या दिवशीचं, जसंच्या तसं.

बाहेर चमच्यांचा आवाज थांबला. खुर्ची सरकली.

"बस गं हिल्डा. आईचं हे नेहमीचंच आहे."

"माझ्या आईनं लोकांच्या घरी जन्मभर हेच ऐकलंय, लायोनेल."

दार उघडून हिल्डा आत आली आणि दार तिच्यामागे आपोआप मिटलं. आत ॲप्रन घातलेली एकच बाई उभी होती, हातात पुडिंगची बशी घेऊन.

"कुठे आहे ती?" हिल्डानं विचारलं.

मागच्या दाराकडे बोट दाखवता आलं असतं. तसं खोटं बाईंनी तयारही ठेवलं होतं. पण हिल्डाची नजर त्यांच्या हातांवर खिळली होती.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या.

"मग एवढं सगळं कुणाला बोलत होता?"

मिसेस पार्जेटरनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण भलताच आवाज बाहेर आला. बशीतलं पुडिंग थुलथुल हलायला लागलं.

"आत कोण रडतंय?" बाहेरून लायोनेलनं विचारलं.

हिल्डानं बशी बाईंच्या हातातून हलकेच काढून घेतली.

"एडिथ," ती म्हणाली.