मोठ्याने दिलेलं उत्तर

मॅडमना गप्प बसायचं होतं आणि नेमकं तेच त्यांना जमत नव्हतं. समोर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बसली होती. तिच्या हातात मॅडमनीच तयार केलेली प्रश्नावली होती. मुलीने प्रश्न वाचायचा, उत्तर ठरवताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचं आणि मग खूण करायची. मॅडमनी फक्त ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, भुवईसुद्धा वर करायची नाही. बाहेरून आलेल्या प्रशिक्षक बाईंनी तशी तंबीच दिली होती.

प्रशिक्षण विद्यार्थी कल्याण विभागातल्या सगळ्यांसाठी होतं. आपण मुलांसाठी एवढं करतो, त्याचा खरंच उपयोग होतो का, हे तपासायचं कसं ते शिकायचं होतं. मॅडम विभागाच्या प्रमुख. त्यांना हे शिकणं फारसं रुचलं नव्हतं. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं त्या सकाळीच म्हणाल्या होत्या. मुलींच्या वसतिगृहातल्या जवळजवळ सगळ्याजणी दरवर्षी 'पूर्ण सुरक्षित वाटतं' असं लिहून देतात, मग आणखी काय तपासायचं? बाई नुसत्या हसल्या. आपला प्रश्न मुलींना आपल्यासारखाच कळतो कशावरून, एवढंच त्यांनी विचारलं, आणि हा मौनाचा प्रयोग मॅडमच्या गळ्यात मारला.

त्या एका प्रश्नावर मॅडमचा जीव होता, आणि त्याला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी खोलीत चक्कर येऊन पडली. दाराला आतून कडी. दार फोडेपर्यंत इतका वेळ गेला, की आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. पोर वाचली. पण ते बंद दार मॅडमच्या डोळ्यांपुढून हलेना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मॅडमनी महिन्याभरात वसतिगृहातल्या प्रत्येक खोलीची आतली कडी काढून टाकली. मुली कुरकुरल्या, पालकांनी मात्र आभार मानले. आता मुलांच्या वसतिगृहातल्या कड्याही काढायचं प्राचार्यांच्या मनात होतं आणि त्यासाठी ते मॅडमचे आकडे मागत होते.

मुलगी बोलकी निघाली. जेवण, पाणी, अभ्यासिका यांवर तिने अशी काही टोलेबाजी केली, की हसू दाबताना मॅडमचे गाल दुखले. मग तिने पुढचा प्रश्न वाचला. रात्री खोलीत तुला कितपत सुरक्षित वाटतं?

"रात्री..." ती पेन हलवत म्हणाली. "रात्री आम्ही टेबल दाराला लावतो. वर दोघींच्या बॅगा ठेवतो, म्हणजे दार उघडत नाही. शिवाय आळीपाळीने एकजण जागी असते. परीक्षेच्या दिवसांत जरा जड जातं, पण आता सवय झाली. आत तर अजून कुणी आलेलं नाही. म्हणजे पूर्ण सुरक्षितच."

तिने 'पूर्ण सुरक्षित'पुढे खूण केली आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

अशाच खुणा मॅडम दोन वर्षं मोजत होत्या. मोजताना त्यांना दरवेळी बरं वाटत होतं. बाईंची तंबी गेली उडत. त्यांनी मुलीचा हात धरला आणि टेबल कशासाठी लावता, असं विचारलं. मुलगी गोंधळली. कडी नाही ना, म्हणाली, सगळ्याच खोल्यांमधून लावतात.

"पण भीती कुणाची वाटते?"

"तेच तर कळत नाही. कुणीतरी येऊन हँडल फिरवतं. अगदी हळूच. जरा थांबतं आणि पुढच्या दाराकडे जातं."

कधी बोलली का नाहीस, असं विचारल्यावर तिने मान खाली घातली. बोललं की घरी कळणार. घरी कळलं की सामान बांधून परत नेणार आणि शिक्षण तिथेच संपणार. त्यापेक्षा टेबल ओढणं सोपं होतं.

ते हँडल कुणाचा हात फिरवतो हे मॅडमना चांगलं ठाऊक होतं.

"ती मी असते गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "हँडल कुठे अडकत नाही ना, एवढंच बघते. दिवे मालवले की एक फेरी मारते आणि मग घरी जाते. तुमची झोपमोड नको म्हणून दार ढकलत नाही, आवाजही करत नाही."

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्या काळजीने आपण इतके दिवस तळमळलो, त्यांना झोप लागू न देणारं माणूस आपणच. पण त्या लाजेच्या तळाशी थोडा दिलासाही होता. निदान परकं कुणी नव्हतं. त्यांनी डोळे पुसले. बाहेरूनही उघडता येतील अशा कड्या उद्याच्या उद्या बसवून घेते, असं त्यांनी मुलीला सांगून टाकलं.

मुलीचा चेहरा उजळला. किती दिवसांनी कुणी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तशी ती खुर्चीत सैल बसली आणि चक्क हसायला लागली.

"तुम्ही होय! आणि आम्ही इकडे जीव मुठीत धरून बसायचो," ती म्हणाली. मग तिलाच मॅडमची कीव आली. "पण मॅडम, पहाटे परत कशाला येता? तुम्ही झोपता तरी कधी?"

मॅडम पहाटे वसतिगृहात एकदाही गेल्या नव्हत्या.