शेजारचा कारखाना

“पलीकडचा मानूस चांगला नाय,” असं म्हणत गोदीआत्याने मोबाईल नितीनच्या हातात कोंबला आणि ती चुलीकडे वळली.

नितीनने कपाळावर हात मारला. वर्षभर खपून त्याने हा मोबाईलवरचा खेळ बनवला होता. बोहाड्याच्या, म्हणजे गावच्या सोंगांच्या उत्सवातल्या, मुखवट्यांचा कारखाना चालवायचा. कागदाचा लगदा भिजवायचा, मुखवटे उन्हात वाळवायचे, रंगवायचे आणि बोहाडा यायच्या आत शेजारच्या कारखान्याला हरवायचं. इतकं सोपं! पण जामसर गावात ज्याच्या हातात मोबाईल द्यावा, तो अर्ध्यातच खेळ सोडत होता.

इकडे वडिलांनी, देवजींनी, निर्वाणीचं सांगितलं होतं. “रविवारपर्यंत गावातल्या एकाने तरी हा खेळ शेवटपर्यंत खेळू दे, मग खुशाल घरी बसून बनव. नाहीतर सोमवारी ठाणं. मामाने गोदामात काम बघून ठेवलंय.”

गावातल्या तुषारचीही तक्रार होती. “माझे कारागीर मोकळे बसलेत. शेजाऱ्याकडे कामाचा ढीग पडलाय. म्हणून त्यांना तिकडे न्यायला गेलो, तर कुंपणाला आपटून परत येतात. बिघडलाय तुझा खेळ.”

“बिघडलेला नाही! तिकडे जायचंच नाही!”

“मग नुसतं बसून राहायचं? लाज नाही वाटत त्यांना?”

नितीन आत्याजवळ चुलीपाशी जाऊन बसला. शांतपणे समजावू लागला, “आत्या, तो शेजारी आपला शत्रू आहे.”

आत्याने भाकरी उलटली. “असंल की शत्रू. म्हनून काय त्याच्या भाताच्या लावनीला नाय जायचं? मंग आपल्या लावनीला कोन येल?”

नितीनला घरचंच आठवलं. शेजारच्या माघ्याचं आणि देवजींचं बांधावरून वाजलं होतं. दोन वर्षं बोलणं बंद. तरी लावणी आली की माघ्या बायकापोरांसकट यांच्या खाचरात हजर. दुसऱ्या दिवशी देवजी त्याच्या खाचरात. दोघे एकमेकांकडे पाठ करून रोपं लावायचे आणि दुपारी एकाच पातेल्यातलं कालवण तोंडं फिरवून जेवायचे.

रविवारी दुपारी नितीनने खेळातलं कुंपण काढून टाकलं. आता आपले कारागीर शेजाऱ्याकडे पाठवता येत होते. ते गेले, की पुढच्या दिवशी शेजाऱ्याचे आपल्याकडे येत. ज्याच्याकडे काम, त्याच्याकडे जेवण.

मोबाईल घेऊन तो पाड्यात धावला. पण तुषार नाही, आत्या नाही. सगळा गाव वांगणीला लग्नाला गेलेला. नितीनने घरी येऊन मोबाईल ओटीवर ठेवला आणि मुकाट्याने बॅग भरली.

सोमवारी सकाळी दारात जीप येऊन उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. नितीनला मोबाईल सापडेना. शोधत तो मागच्या अंगणात गेला. देवजी फणसाखाली उकिडवे बसले होते. चहा निवून त्यावर साय धरली होती. डोळे मोबाईलमध्ये.

“बाबा, गाडी आली. मोबाईल द्या.”

“गाडीला जाऊ दे,” देवजी मान वर न करता म्हणाले. “शेजाऱ्याची माणसं आपल्याकडे कामाला आलीत. त्यांना जेवायला न घालता तू ठाण्याला निघालास होय रे?”