ठकू रुसली ती शिळा

चुलीमागची भिंत. पाटलांच्या गोठ्याचं दार. देवळाची तिसरी पायरी. ठकू रुसली ती शिळा.

जंगलातल्या संशोधन केंद्रात बेडकांच्या बरण्यांवर ठकूबाईच्या नवऱ्याने तीस वर्षं अशीच ठिकाणं लिहिली. तो वारला, आणि नव्या मॅडमना वरून हुकूम आला: नेमकं ठिकाण कळत नसेल ती बरणी टाकून द्या. मॅडम थेट ठकूबाईच्या दारात आल्या.

भिंत, गोठा, पायरी दाखवून झाली. प्रत्येक जागी उभ्या राहून मॅडम फोनवरचे अक्षांश-रेखांश टिपत होत्या. ओढ्याकाठच्या शिळेपाशी येताच मात्र ठकूबाईचं तोंड पुन्हा फुगलं.

“का रुसला होतात, मावशी?”

“आता कुठं आठवतंय? लग्नाला महिना झाला नव्हता. हे आले, मला वाटलं समजूत काढतील. तर माझ्या पायापाशी झडप घालून बेडूकच धरला, रुमालात बांधला आणि म्हणाले, चल घरी. जन्मभर टोमणे मारले मी. म्हटलं, तुम्ही ड्यूटीवर बेडूक हुडकत आला, बायको आयती गावली. नुसते हसायचे.”

दोघी केंद्रावर आल्यावर मॅडमनी बरणीवरची तारीख जुन्या हजेरीपुस्तकात ताडून पाहिली आणि तो रकाना ठकूबाईला वाचून दाखवला. पदराने बरणीची काच पुसत ती म्हणाली, “लबाड माणूस. सांगायचं तरी.”

बरणी पुन्हा मांडणीवर गेली.

बेडूक सापडला त्या दिवशी तिचा नवरा रजेवर होता.