शेवटच्या नळीतलं पाणी

"मॅडम, पाण्यातसुद्धा विषाणू दिसतोय." शलाकानं सलग तिसऱ्यांदा तसाच फोटो माझ्या टेबलावर ठेवला.

कर्करोगाच्या गाठींच्या नमुन्यांसोबत शेवटच्या नळीत आम्ही नुसतं पाणी तपासतो. फोटोत प्रत्येक नळीचा एक रकाना असतो; विषाणू असेल त्या रकान्यात पांढरी रेघ उमटते. पाण्याच्या रकान्यात रेघ आली, तर काम करणाऱ्याचा हात अस्वच्छ आणि अख्खा प्रयोग बाद.

या कर्करोगामागे विषाणू आहे, हे मी सव्वीस वर्षांपूर्वी दाखवलं. त्यावर ही प्रयोगशाळा उभी राहिली. आणि आता माझीच पीएचडीची विद्यार्थिनी पाण्यात विषाणू दाखवत होती! परवा मी आत शिरताच तिनं घाईघाईनं कपाट लावलं होतं. माझ्या जुन्या वह्यांचं कपाट.

"तुला काम जमत नाही, की माझं काम खोटं पाडायचंय? कुणी शिकवलंय तुला हे?" माझा आवाज चढला.

तिनं कपाटातून माझी पहिली वही आणून माझ्यापुढे उघडली. त्यात तो पहिला फोटो चिकटवलेला होता. खाली माझ्याच अक्षरात यादी होती: सात गाठी, आठवं पाणी. तिनं बोट ठेवून फोटोतले रकाने मोजले. सातच भरले.

"मॅडम, पाण्याचा रकाना कुठे गेला?"

मी फोटोच्या कडा पाहिल्या. तीन अगदी सरळ होत्या. उजवीकडची जरा वाकडी गेली होती.

मला आठवलं, त्या दिवशी कात्री बोथट होती.