बिटावरचं कुंकू

“बिट बदलायचं न्हाय,” विजयसिंह चौथ्यांदा म्हणाला. “नारळ फुटलाय ह्याच्यावर.”

बोअरचं मशीन चालवणाऱ्या नागसेननं हातातला पाना खाली ठेवला. विजयसिंहाचा शिरोळचा हा मळा नदीकाठचा. वर काळी माती, खाली चिकण. शंभर फुटांपर्यंत दगडाचं नाव नाही. इथं बोअर मारायला तीन पात्यांचं बिट लागतं, माती कापत जाणारं. ते गाडीत पडून होतं. काल गारगोटी गावच्या कातळात चाललेलं, तोंडावर पोलादी बटणं असलेलं बिट मशीनला तसंच राहिलं होतं, आणि विजयसिंहाच्या आईनं, झुंबरबाईंनी, सकाळी येऊन त्याचीच पूजा केली होती.

“दादा, ह्ये दगड फोडायचं हाय. मातीत रुततंय.”

“दगड फोडणाऱ्याला माती जड जातीया व्हय, पावणं?”

नागसेननं मशीन सुरू केलं. मागच्या महिन्यात बिटाला ठोके देणारा एक हॅमर असाच भोकात अडकून राहिला होता. पुन्हा अडकला तर मशीनवर दुसरा माणूस बसेल, असं मशीनच्या मालकानं बजावलं होतं.

पंधरा फुटांवर बिटातून माती उडवणारी हवा कोंडली. रॉड थरथरले आणि जागीच अडले. त्यानं लीव्हर मागं ओढला. हलेनात. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा हिसका बसला आणि रॉड सुटले. नागसेनचा शर्ट पाठीला चिकटला होता.

वर आलं ते बिट नव्हतंच. घागरीएवढा चिखलाचा गोळा होता. त्यानं पहारीचा घाव घातला. गोळा दुभंगून खाली पडला. आत, बटणांच्या मधल्या खाचेत, सकाळचं कुंकू जसंच्या तसं होतं.

विजयसिंहानं हात जोडले. “बघा! पुसलंसुद्धा न्हाय. देवीच्या मनात हाय. सोडा परत खाली.”

“पुसलं न्हाय, कारण गोळ्यात गुरफटलेलं बिट जमिनीला टेकलंच न्हाय!” नागसेन ओरडला.

तो तरातरा गाडीकडं गेला. तीन पात्यांचं बिट खांद्यावर घेऊन आला आणि ते लांब बांधावर बसलेल्या झुंबरबाईंच्या पुढ्यात आदळलं.

“मावशी, ह्याला बी कुंकू लावा.”

झुंबरबाईंनी करंडा उघडला. तिन्ही पात्यांना एकेक बोट लावलं. मग मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

“एवढंच हुतं, तर सकाळीच मला का बोलला न्हाईस रं?”