दाट हाय म्हणे

दिग्रसची दुपारची एसटी यवतमाळच्या बाहेर पडली, तसं पुंडलिकरावांनी बायकोला तिसऱ्यांदा विचारलं, मॅमोग्राफीचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या. त्यांना कमी ऐकू यायचं आणि कानातलं यंत्र घरीच राहिलं होतं.

विमलताई पदराआडून पुटपुटल्या, "दाट हाय म्हणे."

"काय दाट हाय? वावरातली पऱ्हाटी?"

विमलताईंनी इंजिनाच्या वरताण आवाज काढला, आणि नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलं. "छाती" हा शब्द ड्रायव्हरपर्यंत स्वच्छ पोचला.

पुरुषमंडळी एकदम खिडकीबाहेरची तूर पाहू लागली. पुंडलिकराव मात्र खूश झाले. दाट म्हणजे चांगलंच की. गाठही दिसली नाही म्हणतात, मग गुरुवारी सोनोग्राफीला पुन्हा कायले यायचं, असं त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं.

कंडक्टर मोनाली तिकिटाचं मशीन काखेत मारून तिथंच थांबली. तिच्या आईचंही असंच निघालं होतं. पुंडलिकरावांच्या कानाशी वाकून तिनं त्यांना, म्हणजे अख्ख्या गाडीला, समजावलं. कोणाकोणाची छाती आतून दाट असते, तो काही रोग नाही. पण फोटोत दाट भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. म्हणून दिसली नाही म्हणजे नाहीच, असं धरून चालत नाही.

मागून एकीनं विचारलं, ते हाताला कळते काय? विमलताईच म्हणाल्या, नाही, फोटोतच कळते. बारीक बायांचंही असते काय? असते. गाडी पुन्हा सुरू झाली तरी प्रश्न थांबेनात, आणि बायका विमलताईंकडे अशा पाहू लागल्या, जणू डॉक्टरीण त्याच.

विमलताईंचा तोंडावरचा पदर कधीच खाली आला होता. "गुरुवारी यावंच लागते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. साध्या आवाजातच म्हणाल्या, तरी पुंडलिकरावांना पहिल्यांदाच ऐकू गेलं.

बोरी अरब आलं. शेजारच्या सीटवरच्या बाईनं पिशवी उचलली, पण ती उठेना. मग विमलताईंना हळूच म्हणाली, "दुखत नसली तरी दाखवा लागते काय गाठ?"

"कवापासून हाय?"

"पोळ्यापासून."

"लागते, माय. आजच दाखव."

बाई उतरली, गावाकडे दहा-बारा पावलं चालली आणि थांबली. गाडी हलली तेव्हा विमलताईंनी मान वळवून पाहिलं. बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती, जिथं यवतमाळकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात.